बँक बुडते तेव्हा दुकानाचे काय?

भोरच्या पेठेत दुकान बंद करून चहाला बसलो की आमच्या गप्पा क्रिकेटपासून सुरू होतात आणि टीव्हीवरच्या बातम्यांवर येतात. बातमीत बँकेचे नाव आले, की सगळे गप्प होतात. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ साली निर्बंध घातले. २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला अवघे १,००० रुपये काढता येत होते. ज्याचे भांडवलच अडकले, त्याने माल कशाने भरावा?

म्हणून ठेव विम्याचा नियम आपण समजून घेऊ. १९९३ पासून १ लाखाची असलेली मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये व्याजासह ५ लाख झाली. एका बँकेतील एकाच नावाची खाती, शाखा कितीही असोत, एकत्र धरतात. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर दुकानाचे व घरचे खाते मिळून ही एकच मर्यादा. भागीदारी पेढीचे खाते वेगळे धरतात. व्याज नको म्हणून आपल्यातले पुष्कळजण पैसा चालू खात्यात ठेवतात. त्यालाही हे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला नाही. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ साली झाली.

गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम आणि कारागिराची मजुरी ही आपल्याकडे अमानत असते. बँक बुडाली म्हणून ती देणी माफ होत नाहीत. तेव्हा मर्यादेपलीकडचा पैसा दुसऱ्या बँकेत ठेवावा, हेच शहाणपणाचे.