दासव्याच्या काठावरची पेठ

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम करत पिरंगुट येतं. सरळ गेलं तर पौड, मुळशी धरण आणि पुढे ताम्हिणी. डावीकडे वळलं तर मुठा, टेमघर, आणि मग घाट. घाटमाथ्यावर एक भलंमोठं प्रवेशद्वार आडवं येतं. त्याच्या आतून रस्ता वळणं घेत खाली वरसगाव धरणाच्या पाण्यापर्यंत उतरतो, तिथे दासवे आहे. पुणेकर त्याला लवासाच म्हणतात. मुळशी तालुक्याच्या नकाशावर मात्र हे दासवेच, मोसे खोऱ्यातलं एक गाव. हे खोरं शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या सवंगड्यांपैकी बाजी पासलकरांचं. वरसगावच्या जलाशयाला सरकारदरबारी वीर बाजी पासलकर यांचंच नाव आहे.

पाण्याच्या कडेने एक रस्ता जातो आणि त्याला लागून चार-पाच मजली इमारतींची रांग उभी आहे. गेरू, हळद, विटकरी, फिकट गुलाबी असे रंग, कमानीचे दरवाजे, उभ्या झडपांच्या खिडक्या. खाली दुकानं आणि खानावळी, वर घरं. इटलीच्या किनाऱ्यावरच्या पोर्तोफिनो या बंदरगावावरून हा नमुना घेतला, हे लवासा शहर वसवणाऱ्या कंपनीने कधी लपवलं नाही, उलट जाहिरातीत मिरवलं. आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेचा होता आणि त्याला परदेशी बक्षिसंही मिळाली. शहराचा कारभार पाहायला स्कॉट राइटन नावाचे अमेरिकी व्यवस्थापक आणले होते. ग्रामपंचायत, तलाठी आणि सिटी मॅनेजर एकाच डोंगरात, असा योग महाराष्ट्रात क्वचितच जुळला असेल.

आज ही पेठ जुनी झाली आहे. वय फार नाही, पण रया गेली आहे. गेरूच्या भिंतींवर काळ्या ओघळांचे पट्टे उतरले आहेत, झडपांचं लोखंड गंजलं आहे. काही दुकानांवर पाट्या तशाच आहेत आणि शटर खाली आहे. शनिवार-रविवारी गाड्या येतात, काठावर फोटो निघतात, कणीस, चहा, मॅगी खपते. सोमवारी सकाळी त्याच रस्त्यावर उरतात ते ख्राइस्ट विद्यापीठाच्या इथल्या आवारातले विद्यार्थी, सुरक्षारक्षक आणि कुत्री. विद्यार्थी नसते तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत इथे चहाचं आधण ठेवायलाही कारण उरलं नसतं.

हे कसं झालं याचा कागदोपत्री इतिहास मोठा आहे, पण थोडक्यात सांगता येतो. १९९६ मध्ये राज्य सरकारने खासगी गुंतवणुकीतून थंड हवेची ठिकाणं वसवायचं धोरण आणलं. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं त्यासाठी जाहीर झाली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आणि तिचे अध्यक्ष अजित गुलाबचंद यांनी पाच गावठाणांचं, तीन लाख वस्तीचं शहर मांडलं. त्यातलं पहिलं दासवे. जमिनींच्या व्यवहारांवरून धनगर, कातकरी आणि इतर गावकऱ्यांच्या तक्रारी उठल्या. मेधा पाटकरांच्या जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने त्या लावून धरल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये जयराम रमेश मंत्री असताना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली, पण तोवर व्याज वाढत होतं आणि गिऱ्हाइकाचा विश्वास आटत होता. २०१७ मध्ये कंपनीचा नियोजन प्राधिकरणाचा दर्जा काढून तो भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झालं. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या समूहाची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये ती मंजुरी रद्द झाली आणि गाडं पुन्हा खरेदीदार शोधण्यावर आलं.

कुणीही विकत घेतलं तरी पहिली घोषणा काय असेल ते आधीच सांगता येतं. काठावरच्या रस्त्याचं नूतनीकरण, नवे ब्रँड, नवी रेस्टॉरंट, दिव्यांची माळ. दिसायला ते सोपं असतं आणि फोटोत लगेच येतं. माझं म्हणणं असं की दासव्याचा प्रश्न तिथे नाहीच. या पेठेला दुकानं कमी पडली नव्हती. बहराच्या काळात इथे अमेरिकी डायनर होतं, चिनी-थाई जेवण होतं, दिल्लीच्या चोर बिझारची शाखाही होती. कमी पडला तो शेजार.

याचा पडताळा घ्यायचा तर परत पिरंगुटला येऊन सरळ पौडला जावं. पौडची बाजारपेठ कुणी आखलेली नाही आणि तिला कुणी बक्षीस देणार नाही. रस्ता अरुंद, गटार उघडं, एसटी आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले की दोघांचाही खोळंबा. पण इथे तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, पोलीस ठाणं आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. सातबारा काढायला आलेला माणूस आधी झेरॉक्सवाल्याकडे जातो, मग स्टॅम्प वेंडरकडे, मग साहेब जेवायला गेलेत असं कळलं की समोरच्या हॉटेलात मिसळ मागवतो. कोर्टात पुढची तारीख पडली की वकील, पक्षकार आणि सोबत आलेला मेहुणा असे तिघं पुन्हा चहाला बसतात. जाताना खताची गोणी, फवारणीचं औषध, पोरीला वह्या. पौडच्या हॉटेलवाल्याचं अर्धं दुकान सरकारी कामाच्या संथपणावर चालतं, असं म्हटलं तर तहसीलदारांनी रागावू नये.

ही गिऱ्हाइकी अशी एकात एक गुंतलेली असते. भाताचं बियाणं घ्यायला आलेला माणूस दाढी करून जातो. दासव्याला येणारा माणूस फक्त बघायला येतो. बघून झालं की त्याचं काम संपलं. त्याला न्हावी नको, शिंपी नको, पिठाची गिरणी नको. सहा तासांत तो एकदा जेवतो आणि एकदा आइस्क्रीम खातो. तेवढ्यावर बारा महिन्यांचं भाडं, आचाऱ्याचा पगार आणि डोंगरावर माल चढवण्याचा खर्च निघत नाही.

इथे पोर्तोफिनोचं उदाहरण उलटंच शिकवतं. ते आधी कोळ्यांचं गाव होतं. रंगीत घरांच्या खाली होड्या ओढल्या जात, जाळी वाळत. पाहुणे, नट-नट्या आणि श्रीमंतांच्या नौका पुष्कळ नंतर आल्या. दासव्यात भिंतींचा रंग आणला, त्यामागची कोळीवाड्याची शतकं आणता आली नाहीत. आणि जे गाव इथे आधीपासून होतं, भात पिकवणारं, गुरं राखणारं, त्याला काठावरच्या रस्त्यात गाळा मिळाला नाही.

पुण्यातल्या जुन्या रस्त्यांचे अनुभवही याच अंगाने पाहावेत. जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात बांधलेला, खड्डे न पडणारा रस्ता म्हणून तो पुणेकरांच्या गप्पांत अजून असतो. २०१६ नंतर महापालिकेने त्याची नव्याने रचना केली: रुंद पदपथ, बसायला जागा, सायकलींची पट्टी, मुलांना खेळायला काही. दुकानदारांनी आधी कुरकुर केली, पार्किंग गेलं म्हणून. पण रस्ता भरला, कारण माणसं तिथे आधीच होती. बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी बाग, पाताळेश्वर आणि पलीकडे डेक्कन. पदपथाने फक्त त्यांना थांबायला जागा दिली. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात, रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो. तिथेही तेच. गर्दी आणावी लागत नाही, तिला वाट करून द्यावी लागते.

दासव्यात पदपथ पहिल्या दिवसापासून रुंद आहे.

मग पावसाचं पाहू. आराखडा करणाऱ्यांनी तो कागदावर पाहिला असेल, अंगावर घेतला नसावा. मुळशीच्या पश्चिम अंगाला कोसळणारा पाऊस हा पुण्याच्या पावसाचा थोरला भाऊ नव्हे, वेगळंच कुळ आहे. जून संपता संपता सुरू होतो आणि आठवडेच्या आठवडे उसंत देत नाही. जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून लवासातले बंगले गाडले गेले, तेव्हा त्या एका दिवसात इथे चारशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. पोर्तोफिनोची पेठ उन्हात बसायची पेठ आहे: उघड्यावर टेबलं, वर छत्री, भिंत सपाट आणि छपराचा काठ जेमतेम वीतभर पुढे. तीच रचना इथे आणली की पाणी भिंतीवरून सरळ खाली धावतं. आधी गिलावा फुगतो, मग शेवाळं धरतं, मग रंगाचे पापुद्रे सुटतात. पापुद्र्याला बोट लावलं की नखाएवढा तुकडा हातात येतो आणि आतला गिलावा ओला लागतो. बाहेरची टेबलं चार महिने निरुपयोगी, म्हणजे खानावळीची निम्मी बैठक गेली, आणि तीसुद्धा नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा मुंबई-पुण्याची माणसं धबधबे बघायला येतात.

याच खोऱ्यातली जुनी घरं बघा. कौलारू छप्पर भिंतीच्या कितीतरी पुढे आलेलं, खाली पडवी, आणि पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला गवताची किंवा कुडाची झडप बांधलेली. पडवीत जळण, पडवीत शेळी, पडवीतच पाहुणा. नव्या मालकाला खर्च करायचाच असेल तर दिव्यांच्या माळेऐवजी या दुकानांपुढे सलग, खोल पडवी काढावी. पावसाळ्यात माणूस गाडीतून उतरून कोरडा चार दुकानं फिरेल. रूप थोडं कमी इटालियन दिसेल, पण कुणी तक्रार करेल असं वाटत नाही.

पाण्याचीही एक गंमत आहे. समोर दिसतं ते तळं हौसेचं नाही. वरसगाव हे खडकवासला साखळीतलं धरण, पानशेत आणि टेमघरच्या जोडीचं. पुण्याच्या नळाला आणि खालच्या शेतीला त्याचं पाणी लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते उतरत जातं. गावासमोर पाणी टिकावं म्हणून कंपनीने बंधारे घालायची सोय करून घेतली. कृष्णा खोरे विकास महामंडळाने २००२ मध्ये सुमारे १४१ हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने दिली होती. त्यावरही पुढे बरीच टीका झाली. म्हणजे काठावर बसून कॉफी पिण्याचं जे दृश्य विकलं, ते पुण्याच्या पाण्याच्या हिशेबाशी बांधलेलं होतं आणि आजही आहे. नवा मालक आला तरी हा हिशेब बदलणार नाही.

उरला शेजार. तो आणायचा मार्ग न्यायाधिकरणाच्या कागदांतच आहे. आठशेहून जास्त घरखरेदीदारांनी आपले दावे मांडले होते. पैसे भरलेली, पण पूर्ण घर न मिळालेली ही माणसं. रद्द झालेल्या योजनेत त्यांची घरं पुरी करण्यासाठी सुमारे ४३८ कोटी धरले होते. पुढच्या योजनेत या कामाला काठावरच्या रस्त्याच्या आधी जागा मिळावी. आठशेंतली निम्मी कुटुंबं जरी वर्षातले काही महिने राहायला आली, तरी सकाळच्या दुधाला, इस्त्रीला, औषधाला आणि प्लंबरला गिऱ्हाईक मिळतं. विद्यापीठाचे विद्यार्थी आहेतच. त्यांना थाळी परवडेल अशी खानावळ हवी, थीम रेस्टॉरंट नको.

आणि मुगाव, दासवे, आजूबाजूच्या वाड्या. आंबेमोहोर तांदूळ हा मुळशीचा माल, पुण्यात त्याच्या नावावर भलताच तांदूळ खपतो. करवंदं, जांभळं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, नाचणीची भाकरी, हे सगळं त्याच खोऱ्यातलं. काठावरच्या चार-दोन गाळ्यांवर गावातल्या बचत गटांचा हक्क राहील, भाडं त्यांच्या आवाक्यातलं असेल, असं विक्रीच्या अटीतच लिहून घेता येईल. ज्यांच्या जमिनीवर ही पेठ उभी राहिली त्यांना पेठेत बसायला जागा देणं म्हणजे काही उपकार नव्हेत. 'मुळशी पॅटर्न' सिनेमाने २०१८ मध्ये जमीन विकलेल्या मुळशीकराचं काय होतं ते राज्यभर दाखवलं. त्याच वर्षी लवासा दिवाळखोरीत गेली, हा योगायोग तालुक्यात कुणाच्या नजरेतून सुटला नसेल.

अडचण एवढीच की दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असेतोवर मालमत्तेचे निर्णय प्रशासक आणि धनको बँका घेतात. सगळ्या धनकोंचे मान्य झालेले दावे मिळून साडेसहा हजार कोटींच्या वर आहेत आणि बँकांना जमेल तेवढी रक्कम, जमेल तितक्या लवकर हवी आहे. पडवी आणि बचत गट हे त्यांच्या तक्त्यात बसणारे रकाने नाहीत. ते बसवायचे तर राज्य सरकारला आणि पीएमआरडीएला आग्रह धरावा लागेल. बांधकामाच्या परवानग्यांची किल्ली शेवटी त्यांच्याच हातात आहे.

जायचं असेल तर पुण्यापासून अंतर साधारण साठ किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पाणी असतं, हिरवळ थोडी उरलेली असते. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का याची चौकशी करावी, जिल्हा प्रशासन अतिवृष्टीत पर्यटनस्थळं बंद ठेवतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर जेवण मिळेलच असं धरू नका, पिरंगुटलाच पोटभर खाऊन निघा.