परदेशी पैसे पाठविताना : ऑनलाइन सेवेची निवड

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांची मुले-मुली उच्च शिक्षणासाठी जर्मनी, आयर्लंड, इंग्लंड आदी देशांत जात आहेत. काही वैद्य परदेशातील परिषदांचे शुल्क भरतात, तर औषधनिर्माते बंधू यंत्रसामग्री वा कच्चा माल मागवितात. पूर्वी यासाठी बँकेच्या मुख्य शाखेत हेलपाटे घालावे लागत. आज हे काम घरबसल्या संगणकावर किंवा मोबाईलवर होते. मात्र सेवा अनेक असल्याने ‘कोणती निवडावी’ हा प्रश्न उरतोच. या विषयाचे यथामती विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

लेखाचे निमित्त स्वानुभवाचे आहे. जर्मनीत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम तेथील ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आगाऊ जमा करून दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो अशी ठरविण्यात आली. माझ्या कन्येसाठी मी ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात करणाऱ्या एका सेवेमार्फत तेवढी रक्कम पाठविली. जमा झाली ती बावीस युरो कमी. रक्कम पूर्ण नसल्याने खात्याचे प्रमाणपत्र मिळेना आणि व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस तर जवळ आलेला! ते बावीस युरो पाठविण्यासाठी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा शुल्क आणि नऊ दिवसांची धाकधूक सोसावी लागली. शुल्काचा आकडा पाहिला, पण पोहोचणारी रक्कम विचारली नाही, ही चूक माझीच होती. रोग्याची परीक्षा न करता केवळ जाहिरात वाचून कल्प निवडावा, तसाच हा प्रकार झाला.

खर्चाची तीन अंगे

पहिले अंग म्हणजे सेवाशुल्क. ते स्पष्ट छापलेले असते आणि बहुधा तेच सर्वांत लहान असते.

दुसरे अंग विनिमय दरातील फरकाचे. बँका आपापसांत ज्या दराने चलनाची देवघेव करतात तो बाजाराचा मध्यम दर होय. ग्राहकाला त्याहून चढा दर लावला जातो आणि सेवेची खरी कमाई येथे असते. हिशेबाच्या सोयीसाठी मध्यम दर एका युरोस १०० रुपये धरू. एक सेवा शुल्क न घेता १०२ रुपये दर लावते. ११,९०४ युरोंसाठी १२,१४,२०८ रुपये द्यावे लागतील. दुसरी सेवा १,५०० रुपये शुल्क घेते, पण दर १००.५० रुपये लावते. तेथे शुल्कासह ११,९७,८५२ रुपये लागतील. म्हणजे ‘शुल्क शून्य’ असलेली सेवा १६,३५६ रुपयांनी महाग पडली! यास्तव त्या क्षणाचा मध्यम दर एखाद्या विश्वसनीय संकेतस्थळावर पाहून मगच सेवेच्या दराशी तुलना करावी.

तिसरे अंग मार्गातील कपातीचे. स्विफ्ट ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था बँकांचे संदेश वाहून नेते. प्रत्यक्ष पैसा बँकांच्या परस्पर खात्यांमधून सरकतो. आपल्या बँकेचे आणि समोरच्या बँकेचे थेट खाते नसेल तर मध्ये एक वा दोन मध्यस्थ बँका येतात आणि आपले शुल्क कापून घेतात. अर्जात याविषयी तीन पर्याय असतात. ‘ओयूआर’ म्हणजे सर्व शुल्क पाठविणाऱ्याने सोसावयाचे, ‘एसएचए’ म्हणजे दोघांनी वाटून घ्यावयाचे आणि ‘बीईएन’ म्हणजे घेणाऱ्याच्या रकमेतून कापावयाचे. विद्यापीठाचे शुल्क किंवा ब्लॉक्ड अकाउंट यांसाठी, जेथे पै न् पै पूर्ण पोहोचणे आवश्यक असते तेथे, ‘ओयूआर’ हाच पर्याय घ्यावा. मी ‘एसएचए’ घेतला होता. काही सेवा समोरच्या देशातील आपल्याच खात्यातून स्थानिक पद्धतीने रक्कम जमा करतात. त्यामुळे मध्यस्थांची कपात टळते. मात्र अशा वेळी पाठविणाऱ्याच्या जागी सेवेचे नाव उमटू शकते, म्हणून विद्यार्थ्याचा संदर्भ क्रमांक अचूक लिहिणे अगत्याचे असते.

याखेरीज चलन बदलण्याच्या व्यवहारावर वस्तू व सेवा कर लागतो. तो संपूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरविलेल्या लहानशा मूल्यावर १८ टक्के असतो. पाच लाख रुपयांच्या व्यवहारावर हा कर ५४० रुपये आणि दहा लाखांवर ९९० रुपये होतो. कोणतीही सेवा घेतली तरी तो जवळपास सारखाच पडतो. म्हणून निवडीत त्याला फारसे महत्त्व नाही.

कायद्याची चौकट

रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, अर्थात एलआरएस, ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती एका आर्थिक वर्षात प्रत्येक निवासी व्यक्तीस २,५०,००० डॉलर अशी आहे. पॅन अनिवार्य आहे. ही योजना केवळ व्यक्तींसाठी असून भागीदारी संस्था, कंपनी, न्यास किंवा अविभक्त हिंदू कुटुंब यांना ती लागू नाही.

पैसे पाठविण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या अधिकृत विक्रेत्यांनाच आहे. अनेक ॲप आणि संकेतस्थळे एखाद्या अधिकृत बँकेच्या सहकार्याने काम करतात. त्यात गैर काही नाही. मात्र ती बँक कोणती, हे विचारून घ्यावे. उत्तर टाळले गेल्यास तेथून परतावे. मनी ट्रान्स्फर सर्व्हिस स्कीमखालील केंद्रे परदेशातून येणारे पैसे देण्यासाठी असतात. त्या योजनेखाली पैसे बाहेर पाठविता येत नाहीत. सिंगापूरमध्ये आप्त असतील तर २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या यूपीआय–पेनाऊ जोडणीतून लहान रकमा पाठविता येतात. ही सोय निवडक बँकांच्याच ग्राहकांना असल्याने आपली बँक त्यात आहे का, ते पाहावे.

‘ओळखीच्या माणसाकडे रुपये द्या, तिकडे युरो मिळतील’ हा मार्ग हवालाचा असून तो फेमा कायद्याने निषिद्ध आहे. त्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. काही परकीय चलन सट्ट्याची ॲपही ‘गुंतवणूक’ म्हणून पैसे बाहेर पाठवावयास सांगतात. रिझर्व्ह बँकेने अशा अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी ७ सप्टेंबर २०२२ रोजी प्रथम प्रसिद्ध केली. ती अवश्य पाहावी.

प्रयोजन आणि कर

प्रत्येक प्रेषणाचे प्रयोजन ए-२ अर्जात नमूद करावे लागते. यात हलगर्जी केल्यास त्याचा भुर्दंड करात पडतो. परदेशी जाणाऱ्या रकमेवर उगमस्थानी करसंकलन, अर्थात टीसीएस, १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. १ एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक सीमा सात लाखांवरून दहा लाख रुपये झाली. त्यावरील रकमेवर कुटुंबनिर्वाह, भेट, गुंतवणूक आदी प्रयोजनांसाठी दर २० टक्के ठेवण्यात आला. शिक्षण व उपचारांसाठी तो ५ टक्के होता. २०२६ च्या अर्थसंकल्पात तो २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेला २०२५ पासून यातून मुक्त केले आहे. हे दर वरचेवर बदलत आले असल्याने पैसे पाठविण्याच्या दिवशी लागू असलेला दर बँकेकडून लेखी घ्यावा.

शिक्षणाच्या प्रयोजनात केवळ विद्यापीठाचे शुल्क नव्हे, तर शिक्षणासाठी लागणारा दैनंदिन खर्चही येतो. तोच खर्च ‘कुटुंबनिर्वाह’ म्हणून नोंदविला तर दहा लाखांवरील प्रत्येक लाखास वीस हजार रुपये अडकून पडतात. टीसीएसची रक्कम बुडत नाही. आयकर विवरणपत्रात तिची वजावट किंवा परतावा मिळतो. तथापि तोवर ती हाताबाहेर असते. सीमा प्रत्येक पाठविणाऱ्याची स्वतंत्र असून वर्षभरात सर्व बँकांतून पाठविलेली रक्कम एकत्र धरली जाते. आई व वडील दोघांचेही स्वतंत्र उत्पन्न असेल तर प्रत्येकाने आपल्या खात्यातून पाठविणे योग्य ठरते.

औषधनिर्मात्यांसाठी

यंत्र वा कच्चा माल आयात करताना वैयक्तिक प्रेषणाच्या ॲपचा उपयोग करू नये. ते व्यवहार संस्थेच्या चालू खात्यातून, आयात-निर्यात सांकेतांकासह, बँकेमार्फतच व्हावेत. माल आल्याचा सीमाशुल्क खात्याचा पुरावा बँकेत जुळवावा लागतो. तांत्रिक सल्ला किंवा स्वामित्वशुल्क परदेशी देताना करकपातीचा प्रश्न येतो. तेथे सनदी लेखापालाचे मत आधी घ्यावे. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा पुरवठादाराचा ई-मेल आल्यास पूर्वीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. गेलेली रक्कम परत येणे अत्यंत कठीण असते.

पाठविण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि समोर नेमके किती चलन जमा होईल?
२. हा दर किती वेळ बांधील राहील?
३. मध्यस्थ बँकेचे शुल्क कोण सोसणार?
४. व्यवहार कोणत्या अधिकृत बँकेमार्फत होणार?
५. रक्कम किती कामकाजाच्या दिवसांत पोहोचेल व मागोवा कसा घेता येईल?
६. रक्कम परत आली तर ती कोणत्या दराने मिळेल?

यांतील पहिल्या प्रश्नाचे लेखी उत्तर दोन-तीन सेवांकडून एकाच वेळी घेतले की बहुतेक निवड आपोआप होते. खाते क्रमांक, युरोपातील आयबान, आठ वा अकरा अक्षरी स्विफ्ट सांकेतांक आणि नाव ही माहिती दोघांनी मिळून ताडून पाहावी. अंतिम मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी पैसे पाठवावेत; शनिवार-रविवार व दोन्ही देशांच्या सुट्ट्या गृहीत धराव्यात. पावती जपून ठेवावी. तक्रारीचे ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

कन्या आता तेथे शिकत आहे. दुसऱ्या वर्षीची रक्कम पाठविताना मी वरील सहा प्रश्न विचारले. ‘शुल्क शून्य’ नसलेली सेवा निवडली आणि रक्कम पूर्ण पोहोचली. आपल्या बंधू-भगिनींना बावीस युरोंसाठी नऊ दिवस तिष्ठावे लागू नये, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.