आडव्या झाडातली स्प्रिंग

पावसाळा लागला की बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. रात्रीच्या वाऱ्यात गुलमोहर कुंपणाच्या पत्र्यांवर आडवा झाला. जे पडायचं ते पडून गेलं, मग सकाळी माणसं लावून फांद्या तोडायला हरकत काय?

हरकत आहे. झाड जमिनीला टेकलं तरी त्यातला ताण संपलेला नसतो. बुंध्याखाली एखादी फांदी वाकून दबलेली असते, शेंडा खांबात अडकलेला असतो, अर्धी मुळं अजून मातीत घट्ट असतात. असा प्रत्येक वाकलेला भाग म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंग. आणि तिला अडवून धरणारी बहुधा तीच आडवी फांदी असते, जी वाटेत येते म्हणून आपण सगळ्यांत आधी तोडायला जातो.

या स्प्रिंगचं गणित रॉबर्ट हूकचं. ताण जितका, वाढ तितकी, हा नियम त्याने 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला. शाळेत हा माणूस दोन तुकड्यांत भेटतो: भौतिकशास्त्रात हा नियम, जीवशास्त्रात पेशी. बुचाच्या पातळ कापात त्याला पेशी दिसल्या, त्याचं वर्णन 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’त आहे, आणि बूच म्हणजे एका ओक वृक्षाची सालच. पुढच्याच वर्षी लंडन जळालं. शहर पुन्हा उभं करताना जागांची मोजणी आणि आखणी करणाऱ्यांत हूक होता. झाडाची साल, स्प्रिंग आणि बांधकाम, तिन्ही जवळून पाहिलेला हा शास्त्रज्ञ न्यूटनच्या सावलीत इतका झाकला गेला की त्याचं खात्रीचं एक चित्रही उरलेलं नाही. मला याची फार हळहळ वाटते.

हूकच्या नियमातून निघणारी एक गोष्ट साइटवर प्रत्येकाला ठाऊक हवी: फांदी दुप्पट वाकली तर तिच्यात साठलेली ऊर्जा चौपट होते. समजा, एक फांदी मीटरभर वाकली आहे आणि तेवढी वाकवायला शेवटी 100 किलो वजनाइतका जोर लागतो. तिच्यात साधारण 490 ज्यूल ऊर्जा असते. सिमेंटची 50 किलोची गोणी मीटरभर उंचीवरून अंगावर पडावी, तितकी. फरक इतकाच की गोणी वरून येताना दिसते. फांदी आडवी, तोंडाच्या उंचीवर आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत येते.

वाकलेल्या लाकडाची बाहेरची बाजू ताणलेली असते, आतली दाबलेली. दाबाच्या बाजूने खोल कापलं तर करवत चिमटीत अडकते. ताणाच्या बाजूने एकदम कापलं तर लाकूड फाटत जातं आणि उसळतं. म्हणून शिकलेला माणूस आधी दाबाच्या बाजूने थोडंसं कापतो, मग ताणाच्या बाजूने, आणि उसळीच्या वाटेत उभा राहत नाही. कुठली बाजू कोणती, हे ज्याला झाडाकडे पाहून सांगता येत नाही, त्याच्या हातात मुकादमाने करवत देऊच नये.

सगळ्यांत फसवा असतो तो मुळांचा गड्डा. बुंध्याचं वजन त्याला उपडं धरून ठेवतं. बुंधा कापून वेगळा झाला की गड्डा मातीसकट परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात उतरू नये, सावलीला गड्ड्यामागे बसू नये. साइटवर मुलं असतात, त्यांना तर तिथे फिरकू देऊ नये. दोर बांधून जेसीबीने ओढण्याची घाईही वाईटच. 60 सेंटिमीटर जाडीचा, 5 मीटर लांबीचा ओला बुंधा टनाहून जड भरतो, आणि तुटलेला ताणलेला दोर हूकचाच नियम पाळतो. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल, तर वीजकंपनीने पुरवठा बंद केल्याचं सांगेपर्यंत झाडाला, पत्र्याला, साचलेल्या पाण्याला कुणीही शिवू नये. ओलं लाकूड वीज वाहून नेतं.

आणि शेजारचं उभं झाडही बघा. झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांब पसरतात. पायासाठी किंवा गटारासाठी चर खणताना ती तुटली, तर झाड त्या दिवशी पडत नाही. माती भिजून सैल झाली की पडतं. बातमीत मात्र वाऱ्याचंच नाव येतं. चर एकाच ओळीत गेला असेल, तर पडलेल्या गुलमोहरापलीकडच्या झाडाची मुळंही त्याच बाजूने तुटलेली असणार. तोडणीला माणसं लावण्याआधी त्याच्या बुडाशी मातीला नवी भेग पडली आहे का, खोड कालच्यापेक्षा कललं आहे का, हे पाहून घ्यावं.