निळ्या पेटीची शिदोरी

कोबाल्ट रॅक या सर्व्हरला ना पडदा होता, ना कीबोर्ड. जेमतेम पावणेदोन इंच उंचीची ही निळी पेटी. तोंडावर दोन ओळींचा इवलासा एलसीडी आणि शेजारी थोडी बटणे. बटणे दाबून आयपी पत्ता भरायचा, पुढचा सगळा कारभार ब्राउझरमधून. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या कोबाल्ट कंपनीने 1998 मध्ये आधी घनाकृती ‘क्यूब’ आणि पाठोपाठ रॅक बाजारात आणली. आत लिनक्स आहे, हे मालकाला ठाऊक नसले तरी काही अडत नसे.

अडायचे ते नवे सॉफ्टवेअर घालताना. त्यासाठी कोबाल्टने .पीकेजी हा साचा काढला. टार करून जीझिपने दाबलेले हे गाठोडे सोडले, की आत आरपीएम या लिनक्सवरच्या पॅकेज-व्यवस्थेच्या फायली, काही स्क्रिप्टी आणि ‘पॅकिंग लिस्ट’ नावाची साधी यादी निघे. मालक ब्राउझरमधल्या पॅनेलवर जाऊन एक बटण दाबणार. गाठोडे बांधणाऱ्याला मालकाकडे मध्येच काही विचारायची सोय नाही. ‘जुनी फाईल ठेवू की बदलू?’ याचे उत्तर आधीच बांधून द्यावे लागे.

शिवाय पेट्या दोन जातींच्या. रॅक 2 मध्ये मिप्स प्रोसेसर, रॅक 3 मध्ये एएमडीचा के6-2. सी मध्ये लिहिलेला प्रोग्राम दोन्हींसाठी वेगळा बांधायचा. पर्लच्या स्क्रिप्टीला त्याचे सोयरसुतक नसे.

खरी मेख मात्र आरपीएमच्या पोटात आहे, आणि ती आजही तशीच आहे. आवृत्ती बदलताना आधी जुने काढून मग नवे बसत असेल, असे कुणालाही वाटेल. घडते उलटे. नव्याच्या फायली बसतात, त्याची ‘बसवल्यानंतर’ची स्क्रिप्ट चालते, आणि त्यानंतर जुन्या पॅकेजची ‘काढण्यापूर्वी’ची स्क्रिप्ट जागी होते. तिच्यात ‘सेवा थांबव, नोंद पूस’ एवढेच लिहिले असेल, तर ती नुकत्याच आलेल्या सेवेचाच गळा धरते. म्हणून आरपीएम या स्क्रिप्टीला एक आकडा देते: शून्य म्हणजे पॅकेज कायमचे चालले, एक म्हणजे फक्त आवृत्ती बदलते आहे. हा आकडा न तपासणारा नवखा एकदा तरी पोळतोच. त्यातही दुखणे असे, की चूक नव्या पॅकेजात नसते. ती महिन्यांपूर्वी ग्राहकाकडे जाऊन बसलेल्या जुन्यात असते.

सेटिंगच्या फायलींचेही असेच. ग्राहकाने हाताने बदललेली सेटिंगची फाईल पॅकेज बांधण्याच्या स्पेक फाईलमध्ये ‘बदलू नको’ म्हणून नोंदवली, तर तिला हात न लावता नवी प्रत .आरपीएमन्यू शेपटी लावून शेजारी ठेवली जाते. पडदा नसलेल्या पेटीत ती कोण बघणार, हा प्रश्न उरतोच.

2000 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे 2 अब्ज डॉलरच्या समभागांत कोबाल्ट विकत घ्यायचे ठरवले आणि 2003 मध्ये ही मालिका गुंडाळली. पॅनेलचा स्रोत खुला झाला; त्यातून ब्लूक्वार्ट्झ आणि पुढे ब्लूओनिक्स निघाले. निळी पेटी गेली, तरी .पीकेजीची गाठोडी ब्लूओनिक्सवर बांधली जात राहिली.