नखं नव्हे, पकड पाहा
लेखमाला ‘कुत्रं पाळताना’ : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण पावसाळ्यातल्या गोचिडांबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला. घराचं काम काढलंय, कुत्र्याच्या नखांनी ओरखडे पडणार नाहीत अशी फरशी कोणती? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. कुत्रं फरशीचं काय करील एवढंच आपण विचारतो. फरशी कुत्र्याचं काय करील, हे विचारायचं राहून जातं. कोल्हापुरातल्या आजच्या घरांत तर हा दुसरा प्रश्नच आधी विचारायला हवा.

नखांचा विषय आधी निकालात काढू. कुत्र्याचं नख केराटिनचं, आपल्या नखासारखंच. टणकपणा मोजायच्या मोह्‌स मापावर ते साधारण अडीचला बसतं. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे चुनखडीच्या कुळातले दगड तीनच्या घरात येतात, ग्रॅनाईट आणि व्हिट्रिफाईड टाईल सहाच्या आसपास किंवा वर. म्हणजे नुसत्या नखानं दगडावर किंवा टाईलवर ओरखडा उठत नाही. उठतो तो पंजाला चिकटून आलेल्या कचेनं. बांधकामाच्या वाळूत गारेचे कण असतात आणि त्यांचा टणकपणा सात. दारात जाडसर पायपुसणं अंथरलं आणि आत येताना पंजे पुसायची सवय लावली की हे भांडण बहुतेक मिटतं. नखांना खरोखर बळी पडतं ते लाकूड आणि काही प्रमाणात लॅमिनेट.

आता पकडीकडे येऊ. कुत्रं टाचेवर चालत नाही, बोटांवर चालतं. पंजाखालच्या खडबडीत गाद्या आणि त्यांच्यापुढे नखं, एवढंच त्याचं साधन. मातीत पाय निसटायला लागला की ते बोटं वाकवतं आणि नखं रुतवतं. शेकडो पिढ्यांची ही खोड आहे आणि मातीत ती बरोबर काम करते. गुळगुळीत टाईलवर मात्र हीच खोड घात करते. नख रुतत नाही, उलट गादी फरशीवरून उचलली जाते आणि होती तेवढी पकडही जाते.

एखादं वयस्क लॅब्राडोर चकचकीत हॉलमध्ये उठताना नीट पाहा. पुढचे पाय आधी टेकतात आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकायला लागतात. ते थांबतं, पाय जवळ ओढतं, मागचा भाग उचलतं, तोवर मागचा एक पाय आतल्या बाजूला निसटतो. मग ते पुन्हा बसतं. घरातले म्हणतात, वय झालं, आळशी झालंय. तेच कुत्रं परड्यातल्या मातीवरून एका दमात उठतं. भिंतीच्या कडेकडेनं चालणं, एका सतरंजीवरून दुसऱ्या सतरंजीवर उडी मारणं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकून आत न येणं, वाडग्यापुढे पाय फाकत जाणं, या सगळ्या खुणा फरशीच्या आहेत. वारंवार असं निसटल्यानं खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर ताण येतो, आणि एखाद्या जोराच्या वळणात गुडघ्यातला अस्थिबंध तुटूही शकतो.

पिल्लांच्या बाबतीत जपायचं कारण आणखी मोठं. नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी २०१२ साली लॅब्राडोरसह चार मोठ्या जातींच्या सुमारे पाचशे कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिन्यावर चढउतार केलेल्यांत खुब्याचा विकार जास्त आढळला, तर त्याच वयात मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडलेल्यांत कमी. म्हणजे पायाखाली काय आहे याचा हिशेब पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतो. आपल्याकडच्या नव्या बंगल्यांत जिना पॉलिश केलेल्या ग्रॅनाईटचा असतो, आणि पिल्लू कौतुकानं त्यावरच पळवलं जातं.

कोल्हापूरच्या घरांना हे दुखणं तसं नवंच. पेठांतल्या जुन्या घरांत सोप्याला काळा पाषाण, आत शेणानं सारवलेली भुई किंवा शहाबादी, परड्यात माती. पुढे चिप्सची मोझॅक आली, ती वापरून वापरून मंदावली. मग गेल्या काही दशकांत मोरबीची दोन बाय दोन व्हिट्रिफाईड टाईल आली. तिला आपण सरसकट मार्बोनाईट म्हणतो. राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत नव्या घरात शिरलं की पंख्याचं प्रतिबिंब खाली दिसतं. दुकानदारही पेटीतली टाईल दिव्याखाली तिरकी धरून हीच चकाकी दाखवतो. कुत्र्याला ही चकाकी घातक आहे, आणि खरं सांगायचं तर आजी-आजोबांनाही.

आपल्या भागाची म्हणावी अशी जात कारवानी. तिलाच मुधोळ हाउंड म्हणतात. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजांनी तिला राजाश्रय दिला. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यांत ती आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान केंद्र आहे. कागल-गडहिंग्लजच्या शिवारातही ही कुत्री दिसतात, आणि अलीकडे हौसेनं फ्लॅटमध्येही. हे जनावर माळावर सशामागे धावायला घडलेलं. लांब पाय, उभ्या जागेवरून एकदम वेग घेण्याची ताकद, अंगावर चरबी जवळजवळ नाही. असं कुत्रं बेल वाजताच दोन बाय दोनच्या हॉलमधून दरवाजाकडे झेपावतं तेव्हा काय होतं, ते पाळणाऱ्याला सांगायला नको. कारवानी आणायचं ठरलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी फरशीची सोय, मग पिल्लू. चरबी नसल्यानं त्याला थंड दगडावर नुसतं निजवूही नये. कोपरांना घट्टे पडतात, कधी पाणी धरतं. जाड गादी किंवा दुहेरी घोंगडं हवंच.

मग घ्यायची कोणती? घर जुनं असेल आणि खाली शहाबादी असेल तर ती उपटू नका. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येणारा हा साधा दगड कुत्र्यासाठी मला सगळ्यांत सरस वाटतो. पृष्ठभाग मंद, पंजाला धरणारा, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पोट टेकून निजायला गार. पापुद्रे सुटलेल्या तेवढ्या फरश्या बदला, सांधे पुन्हा भरा आणि दगडात मुरणारं सीलर लावून घ्या. मोझॅकही ठेवण्यासारखी. फक्त पॉलिशवाला आला की त्याला आधीच बजावा: घासून सपाट कर, शेवटचा ऑक्झॅलिक पावडरचा चकाकीचा हात मारू नको. त्याला ते काम अपुरं वाटेल. वाटू द्या.

नवीन टाईलच घ्यायची तर मॅट व्हिट्रिफाईड घ्या. ती पाणी अर्धा टक्क्याहूनही कमी शोषते, त्यामुळे मूत्र मुरायची भीती नाही. काही कंपन्या पेटीवर किंवा पत्रकात आर ९, आर १० असे आकडे देतात. हे जर्मन मापन आहे. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवायचा आणि कोणत्या कोनाला तो घसरतो ते पाहायचं. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १९ पर्यंत, आर ११ म्हणजे २७ पर्यंत. माप माणसाच्या बुटाचं असलं तरी तुलनेला उपयोगी पडतं. घरात आर १०, पोर्च आणि न्हाणीत आर ११ एवढं पुरे. पार्किंगची खरबरीत टाईल हॉलमध्ये बसवायचा उत्साह नको. तिच्या खाचांत काळी माती आणि केस अडकतात, आणि पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे पंजे सोलवटतात.

आकडा मिळाला नाही तर नमुन्याचे दोन तुकडे मागून घरी आणा. एकावर चमचाभर पाणी सांडा आणि तळहात दाबून पुढे सरकवा. हात अडखळत गेला तर ठीक, सुळकन गेला तर परत द्या. त्याहून खात्रीची परीक्षा कुत्र्याचीच. तुकडे शेजारी शेजारी ठेवा आणि खाऊ दाखवून त्यांच्यावरून चालवा.

सांध्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात. टाईलमध्ये मूत्र मुरत नाही, पण साध्या सिमेंटच्या सांध्यात मुरतं. त्यातला युरिया जिवाणूंमुळे कुजून अमोनिया होतो आणि तो वास कुत्र्याला पुन्हा त्याच कोपऱ्याकडे ओढतो. म्हणून निदान पिल्लाच्या खोलीत आणि मोरीजवळ इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. गवंडी कुरकुर करील, कारण ते लवकर सुकतं आणि हात चालवावा लागतो. शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही लावू नका. चुनखडीचा दगड आम्लानं विरघळतो, पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. मूत्र ताबडतोब टिपायचं, पाण्यानं धुवायचं, वास राहिला तर एन्झाइमचा क्लीनर वापरायचा. ब्लीच मूत्रावर ओतणं धोक्याचं, कारण अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. फिनेलही नको. ते पंजाला लागतं आणि चाटताना पोटात जातं.

लाकडी आणि लॅमिनेट फरशीबद्दल थोडक्यात सांगतो. लॅमिनेटच्या पोटात दाबलेल्या लाकडाच्या भुशाचा थर असतो. सांध्यातून मूत्र किंवा पावसाळी ओल शिरली की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. ज्यांच्या घरात २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी आलं, त्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा सुतारवाड्यात तर त्याचा विचारही नको. राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की तळमजल्यावर टिकतो तो दगड आणि टाईल. विनायलच्या पट्ट्या पायाला मऊ असतात, वरच्या मजल्यावर चालतील. मात्र पोत खरबरीत पाहून घ्या, आणि दात येणाऱ्या पिल्लापासून कडा सांभाळा.

बहुतेकांच्या घरात चकचकीत टाईल आधीच बसलेली आहे आणि ती उपटणं परवडणारं नाही. त्यांनी सगळा हॉल झाकायची गरज नाही. कुत्र्याच्या रोजच्या वाटा ठरलेल्या असतात: बिछान्यापासून वाडग्यापर्यंत, तिथून दारापर्यंत. एवढ्याच वाटेवर पट्टीसारखी सतरंजी टाका आणि तिच्याखाली रबराची जाळी घाला. जाळीशिवाय सतरंजी म्हणजे दुप्पट घसरण. जुनी योगा मॅट कापून वाडग्याखाली आणि उठाबसायच्या जागेवर ठेवली तरी फरक लगेच दिसतो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना घसरणरोधक पट्ट्या चिकटवा. नवा जिना होत असेल तर ग्रॅनाईट पॉलिशऐवजी फ्लेम किंवा लेदर फिनिशचा मागा. नखांचा फरशीवर टकटक आवाज येत असेल तर ती वाढली आहेत, कापून घ्या. लांब नख पंजाची गादी जमिनीला नीट टेकूच देत नाही. गाद्यांच्या मधले केसही कातरा. फरशी पुसल्यावर साबणाचा पापुद्रा राहतो, तो साध्या पाण्याच्या दुसऱ्या हातानं काढा. एवढं करूनही उठताना त्रास होत असेल तर दुखणं सांध्यात आहे असं समजून पशुवैद्याकडे न्या.

गच्चीत आणि अंगणात पेव्हिंग ब्लॉक घातले असतील तर एप्रिलच्या दुपारी आपल्या हाताची पाठ त्यांवर टेकवून बघा. ती टेकवत नसेल तर कुत्र्याला तिथे सोडू नका. उन्हाळ्यातल्या फिरण्याच्या वेळा आणि पाण्याची सोय हा पुढच्या आठवड्याचा विषय आहे.