वैशाखातील परसबाग

सरकारी नोकरीतील माणसाच्या घरी वैशाख महिना दोन कारणांनी ध्यानात राहतो. याच सुमारास बदल्यांचे हुकूम निघतात, आणि याच सुमारास परसातील शेवगा, लिंबू आणि भोपळ्याचा वेल फळांवर आलेला असतो. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी सहा घरे बदलली. बहुतेक ठिकाणी मागच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. कोणी तरी लावून गेलेली झाडे मला मिळाली आणि मी लावलेली झाडे मी दुसऱ्याच्या स्वाधीन करून आलो. एकाच बागेत आयुष्य घालवणाऱ्याला जे ज्ञान असते, त्याचा दावा मला करता येणार नाही. परंतु निरनिराळ्या गावांचे उन्हाळे मी पाहिले आणि त्यातून उन्हाळ्याच्या बागकामाविषयी जे उमगले, तेवढे आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आपण बाग वाढवीत असतो. उन्हाळ्यात ती राखावयाची असते. हा भेद एकदा लक्षात आला की रोजची कामे आपोआप ठरत जातात. बाग कोणापासून राखावयाची? मुख्यत्वे उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून. दख्खनच्या पठारावर वैशाखातल्या एका दिवसात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे आठ ते दहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा चार हात लांब नि दोन हात रुंद अशा लहानशा वाफ्यावरही सूर्य रोज बादलीभर पाण्याची मागणी करतो. ती पुरी करणे बहुतेकांच्या आवाक्यात नसते, आणि ज्यांच्या आवाक्यात असते त्यांनीही ती करावी की नाही, हा प्रश्नच आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे २०१६ साली उभा राहिला. त्या वर्षी मी मराठवाड्यात होतो. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी न्यावे लागले, हे आपणांस आठवत असेल. आमच्या गावीही नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येई. दारावरून घागरी घेऊन जाणाऱ्या बायका दिसत असताना मोगऱ्याला पाणी घालणे माझ्याच्याने होईना. तेव्हा घरात आम्ही एक नियम केला : माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून पाण्याचा एकही थेंब बागेत जावयाचा नाही. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठू लागले. ते सर्वांत चांगले, म्हणून लिंबाला आणि मिरचीच्या रोपांना. न्हाणीचे पाणी चर काढून केळीकडे वळविले. यात नवे काहीच नव्हते. आपल्या जुन्या घरांतून न्हाणीच्या पन्हळीखाली केळ, कर्दळ आणि अळू लावण्याची रीत होतीच. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र आम्ही वाफ्यात घातले नाही. त्यातील क्षार मातीत साठत जातात. कोथिंबीर, पुदिना यांसारख्या कच्च्या खाण्याच्या पानांना न्हाणीचे पाणीही घालू नये. त्या उन्हाळ्यात गुलाब गेले आणि मोगऱ्याला फूल आले नाही. पण लिंबू, शेवगा, केळ आणि कढीलिंब ही चार झाडे वाचली. त्यानंतर पाण्याची तेवढी ओढ पुन्हा अनुभवास आली नाही, तरीही तो नियम आम्ही मोडलेला नाही.

पाणी किती घालावे याइतकेच ते कसे घालावे याला महत्त्व आहे. रोज वरवर शिंपडलेले पाणी मातीच्या वरच्या थरात राहते, मुळे त्याच्या लोभाने वर येतात आणि दुपारी तापलेल्या मातीत होरपळतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. वेळ पहाटेची उत्तम. भर दुपारी भोपळ्याची पाने माना टाकतात ती पाहून पुष्कळजण घाबरून पाणी ओततात. ती पाने पाण्याचा व्यय कमी करण्यासाठीच मिटलेली असतात आणि तिन्हीसांजेला पुन्हा ताठ होतात. शंका आल्यास बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाण्याची गरज नाही. सकाळीही पाने मलूल दिसली तर मात्र झाड खरोखरच तहानलेले आहे, किंवा त्याच्या मुळाशी काही रोग आहे, असे समजावे.

वेलांसाठी मला सर्वांत उपयोगी पडले ते मातीचे मडके. पाच-सहा लिटरांचे, लुकण न दिलेले, साधे सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, भोवती दुधीच्या किंवा काकडीच्या तीन-चार बिया लावाव्यात, मडके भरून तोंडावर झाकणी ठेवावी. झाकणी अवश्य हवी, नाही तर त्यात डासांची पैदास होते. भोवतीची माती कोरडी असेल तसे पाणी पाझरते, ती ओली झाली की पाझर मंदावतो; म्हणजे झाडाची गरज मडकेच ओळखते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात चीनमधील फान शेंगझी याने आपल्या शेतीविषयक लेखनात ही पद्धत वर्णन केलेली आहे. पिण्याच्या पाण्याचा जुना माठ मात्र या कामी घेऊ नये. त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. ज्या कारणाने त्यात पाणी गार होत नाही, त्याच कारणाने ते पाझरतही नाही.

दुसरी राखण आच्छादनाची. या बाबतीत मी एका उन्हाळ्यात चांगलाच ठेचाळलो. नव्या घराचे अंगण स्वच्छ दिसावे म्हणून मी सारा पाचोळा गोळा करून जाळून टाकला. पंधरा दिवसांत लिंबाखाली वाटाण्याएवढ्या फळांचा सडा पडू लागला. तेथे अधूनमधून येणारे वृद्ध माळीबाबा म्हणाले, “साहेब, झाडानं स्वतःसाठी अंथरलेलं तुम्ही पेटवून दिलंत. आता ते लेकरं कशाच्या जोरावर सांभाळणार?” त्यांनी शेजारच्या परसातून वाळलेली पाने मागून आणली आणि आळ्यात चार बोटे जाडीचा थर दिला. उघड्या मातीवर हात ठेववत नव्हता. त्या थराखाली तीच माती गार आणि ओलसर राहू लागली. पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि ऊन चैत्रापासून वाढते, हा योग झाडांच्या सोयीचाच आहे.

लिंबाचे आळे करतानाही त्यांनीच मला शिकविले. मुळांची पाणी पिणारी टोके खोडाशी नसतात. ती फांद्यांच्या घेराच्या कडेला पसरलेली असतात. म्हणून आळे त्या कडेला करावे आणि खोडालगत मातीचा उंचवटा ठेवावा. पाणी खोडाला लागून राहिले तर साल कुजते आणि डिंक वाहू लागतो. लिंबाला पाण्याच्या पाळ्यांत फार अंतरही पडू देऊ नये. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले की फळे गळतात किंवा तडकतात. उन्हाळ्यात लिंबे महाग का होतात, याचे उत्तरही येथेच आहे. या दिवसांत तयार होणारी फळे म्हणजे हस्त बहार. त्यासाठी झाडाला पावसाळ्याच्या अखेरीस ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हा पाऊस हाती नसतो. परसातील लिंबू मात्र बाराही महिने थोडेथोडे देत राहते, आणि वैशाखात त्याची दहा फळेही लाखमोलाची वाटतात.

आता उन्हाळ्याच्या उत्पन्नाकडे वळू. भेंडी, गवार आणि चवळी यांना हे ऊन मानवते. माघात पेरलेली भेंडी पन्नासेक दिवसांत तोडणीला येते आणि त्यानंतर दिवसाआड तोडावीच लागते. चार दिवस विसरलो तर शेंगा जून होतात, एवढेच नाही. शेंगेत बी पिकू लागले की झाडाचे प्रयोजन सरते आणि ते नवी फुले धरीनासे होते. जो वेळेवर तोडतो त्याला अधिक मिळते, असा हा व्यवहार आहे.

वेलांची तक्रार निराळी. “फुले पुष्कळ येतात, पण फळ धरत नाही,” असे लोक सांगतात. भोपळ्याच्या कुळातील बहुतेक वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत नर फुलांचेच प्रमाण वाढते. शिवाय शहरात मधमाश्या कमी. अशा वेळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. वेळ पाळली पाहिजे. तांबड्या भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि सकाळीच मिटू लागते. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल सायंकाळी उमलते. कचेरीतून परतल्यावर दुधीच्या मांडवाखाली घालवलेली दहा मिनिटे माझ्या दिवसातील सर्वांत शांत वेळ असे.

शेवग्याच्या शेंगा उतरल्या की जूनपूर्वी त्याची छाटणी करावी. हे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वादळात मोठ्या फांद्या कडाडून पडतात. छाटलेले दोन-तीन हातांचे सरळ तुकडे पाऊस सुरू झाल्यावर लावले की त्यांना फूट येते. मोगऱ्याच्या भरलेल्या कळ्या उन्हे कलण्यापूर्वी खुडाव्यात. त्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवल्या की सांजवेळी घरातच उमलतात. आणि जे ताजे खाऊन संपत नाही, ते याच उन्हाच्या हवाली करावयाचे. कैरीच्या फोडींची आंबोशी, ताकात बुडवून वाळवलेल्या मिरच्या, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, कोहळ्याचे सांडगे हे सारे पावसाळ्यासाठी केलेले संचित आहे. बागेला जाळणारे ऊन गच्चीवर मात्र घरच्या गृहिणीचे काम करीत असते.

मोकळ्या झालेल्या वाफ्यांतही ऊन उपयोगी पडते. माती एक-दीड वीत खणून उलथून ठेवली की हुमणीसारख्या किडींच्या अळ्या आणि कोष वर येऊन तापतात किंवा पक्ष्यांच्या मुखी पडतात. अक्षय्य तृतीयेला आळी घालून वेलांच्या बिया लावण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. आले-हळदीचे गड्डेही त्याच सुमारास लागतात. त्यांना थोडी ओल पुरवली की मृगाच्या सरींपर्यंत कोंब वर आलेला असतो.

हे वेळापत्रक महाराष्ट्रातले. परप्रांतांतील श्रोत्यांनी त्यात आपल्या हवेप्रमाणे फेरफार करावा. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे मुंबईस ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, तर दिल्लीस २७ जूनच्या सुमारास. म्हणजे दिल्लीकर मराठी माणसाला बाग दोन आठवडे अधिक राखावी लागते, आणि तीही लू वाहत असताना. तेथे पश्चिमेकडून गोणपाटाचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा हवाच. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी कुंड्यांना द्यावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

एक काम मी शेवटासाठी राखून ठेवले, कारण उन्हाळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक वेलावरचे आणि झाडावरचे पहिल्या बहरातील एक उत्तम फळ तोडू नये. त्याला खूण म्हणून दोरा बांधावा आणि ते जागीच वाळू द्यावे. दोडका हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या, भेंडी तडकू लागली, की बी काढून सावलीत सुकवावे, राखेत घोळवावे आणि कोरड्या डब्यात भरावे. शेजाऱ्याला मूठभर द्यावे; आपले गेले तर त्याच्याकडून परत मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर आमचे तसेच झाले.

त्या वर्षीचा माझा बदलीचा हुकूम जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. सामान ट्रकमध्ये चढले तेव्हा माझ्या पत्नीने बियांचा डबा स्वतःजवळ घेतला. वाचविलेल्या लिंबाला तेव्हा फळे लागलेली होती. नव्या बिऱ्हाडाच्या गृहस्थांना मी चाव्यांबरोबर एक चिठ्ठी दिली. तीत एवढेच लिहिले होते : “पाचोळा जाळू नये. तांदळाचे पाणी लिंबाला घालावे.” पुढच्या वैशाखात त्यांच्याकडून कोणी तरी माझ्या नव्या गावी आले. त्यांच्या हाती एक पिशवी होती, आणि तीत अकरा लिंबे होती.