हुसेन यांच्या चित्रातला देश

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपुरात एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. हुसेन दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता आणि मुलाला तिचा चेहरा आठवण्याचे वयच नव्हते. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब इंदूरला गेले. देवालाच माउली म्हणणाऱ्या गावात हा मुलगा आईविना झाला. हा योगायोगच, पण त्यांची चित्रे पाहताना तो विसरता येत नाही.

त्यांच्या चित्रांत बाईचा चेहरा अनेकदा कोराच असतो. अंगलट, पदराचा घोळ, मांडीवरचे मूल हे सगळे ठसठशीत, आणि नाकडोळ्यांच्या जागी सपाट रंग. मदर तेरेसांवरच्या प्रसिद्ध मालिकेतही निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत चेहरा नाही. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून हे असे होते, असे ते स्वतः सांगत. आईची आठवण म्हणून त्यांच्याजवळ उरली ती नऊवारी साडी, आणि ती त्यांनी आयुष्यभर रंगवली. कंदील आला तो आजोबांकडून. ते कंदील बनवणारे कारागीर होते. भारताचे चित्रकार म्हणून हुसेन जगभर ओळखले गेले, पण त्यांचा भारत अशाच घरगुती वस्तूंतून उभा राहिला. राष्ट्रध्वज, नकाशे, पुढाऱ्यांचे पुतळे त्याच्या पायाशी नाहीत.

१९३० च्या दशकात ते मुंबईला आले आणि सिनेमाची पोस्टरे रंगवू लागले. भल्यामोठ्या फलकावर झपाट्याने, ठळक रेषेत काम करायचा हात तिथे बसला. नंतर काही वर्षे त्यांनी फर्निचर आणि लाकडी खेळण्यांचे आराखडे केले. १९४७ मध्ये गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. रझा, आरा, बाकरे आणि गाडे यांच्यासोबत हुसेनही त्यात सामील झाले. स्वतंत्र झालेल्या देशाची चित्रभाषा कोणती असावी, हा त्या सगळ्यांपुढचा प्रश्न होता. १९४८ मध्ये दिल्लीत भरलेल्या प्राचीन भारतीय कलेच्या प्रदर्शनात हुसेन यांना त्याचे उत्तर सापडू लागले. मथुरेच्या शिल्पांतली त्रिभंगात, म्हणजे अंग तीन ठिकाणी वळवून, उभी असलेली स्त्री आणि बसोली लघुचित्रांतले पेटते रंग त्यांनी तिथून घेतले. त्यात लोककलेचा भाबडेपणा मिसळला आणि युरोपातल्या क्युबिझमची तुटक रेषा आली.

या मिश्रणाचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’. जवळजवळ चौदा फूट लांबीच्या या चित्रात खेड्यातल्या जगण्याचे तेरा प्रसंग वेगवेगळ्या चौकटींत मांडले आहेत. त्यातल्या बहुतेक चौकटी कामात गुंतलेल्या बायकांच्या आहेत. एका चौकटीतल्या शेतकऱ्याचा हात मात्र चौकट ओलांडून शेजारच्या शेतापर्यंत पोचतो, आणि सगळे चित्र त्या हातावर तोललेले वाटते. नॉर्वेच्या एका डॉक्टरांनी ते विकत घेऊन मायदेशी नेले. पुढे अनेक दशके ते ऑस्लोच्या एका रुग्णालयात राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. तोवर कुठल्याही आधुनिक भारतीय चित्राला एवढी किंमत आली नव्हती.

‘जमीन’ या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षीचे ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ हे त्यांचे सर्वांत गूढ चित्र. त्यात पाच बाया उभ्या आहेत, एकीच्या हातातल्या धाग्याला कोळी लटकला आहे, वर कंदील आहे आणि माथ्यावर कुणालाही वाचता न येणारी अक्षरे. चित्राचा अर्थ लावायचे प्रयत्न पुष्कळ झाले. आजोबांचा कंदील आणि चेहरा न आठवणारी आई यांच्याकडे पाहिले, तर त्यातली अस्वस्थता तरी कळते.

१९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. राजस्थानातले किल्ले, गाय, छत्री, जोडा, कंदील एकामागोमाग एक दिसत राहतात. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले.

समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी त्यांना श्रीमंतांचे दिवाणखाने सोडून रामायण रंगवायला सांगितले. लहानपणी पाहिलेली रामलीला मनात होतीच. हैदराबादेत राहून त्यांनी रामायणावर मोठी मालिका केली. ही चित्रे बैलगाडीतून खेड्यांत नेली तेव्हा आकृतीला डोळे कुठे आहेत, असे एकाही गावकऱ्याने विचारले नाही, असे हुसेन सांगत. १९७१ मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पिकासोबरोबर त्यांना खास निमंत्रण होते. तिथे त्यांनी महाभारत नेले.

याच देवादिकांवरून पुढे वाद पेटला. सत्तरच्या दशकातले सरस्वतीचे एक रेखाटन १९९६ मध्ये एका मासिकाने छापले. ते पाहून अनेक भाविक दुखावले, खटले दाखल झाले, १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये देशाच्या नकाशाच्या आकारातली विवस्त्र स्त्री ‘भारतमाता’ या नावाने समोर आली तेव्हा त्यांनी माफी मागितली, आणि त्याच वर्षी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरीही ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि दफनही इंग्लंडमध्येच झाले. देशाने ज्याला १९८६ मध्ये राज्यसभेत बसवले आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण दिले, त्या चित्रकाराला मातीही परक्या देशात मिळावी, ही खंत साधी नाही.

अखेरच्या वर्षांत ते भारतीय संस्कृतीवरची चित्रमालिका करत होते. तिच्यातली आठ त्रिपटे (तीन-तीन फलकांची चित्रे) २०१४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडली गेली. त्यांत देवता आहेत, सण आहेत, वाहने आहेत, आणि निरनिराळ्या धर्मांच्या कुटुंबांतले रोजचे जगणेही. आठवणीतून देश रंगवायचा धागा शेवटपर्यंत तुटला नव्हता.

हुसेन यांचे पंढरपूर ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथे चित्रकार नंतरही झाले. मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे हे त्यांतले आजचे ठळक नाव. दगडफोडीवर जगणाऱ्या कुटुंबातून ते आले. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी ते गावाकडच्या स्त्रिया रेखाटतात. कागद आधीच काळा असल्यामुळे सावली रंगवावी लागत नाही. फक्त उजेड पडेल तेवढा भाग पेन्सिलीने थरावर थर देत वर काढायचा, त्यामुळे एकेका चित्रावर फार वेळ जातो. हुसेन यांच्या कोऱ्या चेहऱ्यांच्या हे अगदी उलट टोक. धोत्रे साडीचा पोत, केसांची बट, हातातल्या बांगड्या बारीक तपशिलासह दाखवतात. पण दोघांच्याही चित्रांत मध्यभागी आहे ती घरातली, कष्टाची, साडीतली बाई.